साकीनाक्याचं मेक्सिकन जेवण

बेंगळुरू
३ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

ऑफिसच्या पत्त्यावर पाकीट आलं म्हणून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. फोन केला असता, पण आपल्या वाकोल्याच्या दोन खोल्यांत फोनवर बोलायचं म्हणजे आईशी, शेजारच्या काकूंशी आणि नळावरच्या रांगेशी एकदमच बोलायचं. आणि मेसेज केला की तू तीन शब्दांत उत्तर देतेस, त्यातले दोन शिव्यांचे असतात. बाबा नाशिकला कामाला होते तेव्हा आपण दोघं त्यांना पत्रं लिहायचो. तेवढं एकच आपल्याला न भांडता जमायचं, म्हणून पुन्हा कागद काढला.

बातमी अशी की हिमेनाचे आईवडील डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येत आहेत. मेक्सिकोतल्या पुएब्ला नावाच्या शहरातून, दोन विमानं बदलून. आधी तीन दिवस मुंबई, मग इथे बंगलोर. मुंबईत अंधेरी पूर्वेच्या हॉटेलात उतरतील. त्यांच्याकडे एक रीत आहे. लग्नाआधी मुलाकडच्या वडीलधाऱ्यांनी मुलीच्या आईवडिलांसमोर बसून मुलीला रीतसर मागायचं, आणि मग सगळ्यांनी एकत्र जेवायचं. हिमेना म्हणते ते झाल्याशिवाय तिचे बाबा लग्नाचं मनावर घेणार नाहीत. रजिस्टर लग्न फेब्रुवारीत आहेच, पण तिच्या बाबांच्या लेखी खरं लग्न ते जेवण.

आता तुझं काम. उपनगरात कुठेतरी एक चांगलं मेक्सिकन हॉटेल शोधून दे. तिच्या बाबांच्या पोटाचं ऑपरेशन झालंय, आपला मसाला त्यांना चालत नाही. दक्षिण मुंबईत एकदोन बरी ठिकाणं आहेत म्हणतात, पण त्यांना इतका वेळ गाडीत बसवत नाही. शिवाय आपल्याकडे पाहुणा आला की बाबा आधी विचारायचे, तुमच्या घरी काय खातात, आणि आई तेच करायची. तेच मी करतोय असं समज. तुला खाण्यातलं कळतं, निदान नावं ठेवण्यातलं तरी नक्कीच कळतं, म्हणून तुलाच सांगतोय. ऑफिसातल्या त्या रश्मीला बरोबर घे, ती एकटी तिघांचं खाते.

माया आहे ती तशीच ठेव, आणि आईला इतक्यात काही बोलू नकोस.

तुझा
सम्यक


वाकोला
१९ नोव्हेंबर २०२४

चि. सम्यकला जयभीम आणि अ. आ.

तुझ्या सासऱ्यापायी माझ्या पोटाची वाट लागली आहे, हे आधी लिहून ठेवते. सलग दोन रविवार आणि मधली एक सुट्टी मी आणि रश्मीने तुझ्या कामाला लावली. एवढी वणवण मी माझ्या स्वतःच्या स्थळांसाठीही केली नव्हती.

सुरुवात घाटकोपरला केली. तिथल्या खाऊगल्लीत टाको मिळतो. खाखऱ्याची घडी, त्यात राजमा, त्यावर शेजवान चटणी, त्यावर किसलेलं चीज इतकं की खाली काय आहे ते शोधावं लागतं. शेजारी जैन टाको होता, त्यात कच्चं केळं. रश्मीला आवडला, तिला सगळंच आवडतं. मग मुलुंडच्या मॉलमध्ये मेक्सिकन राइस मागवला तर कालच्या भातात राजमा परतून आणला. मेक्सिकन म्हणजे राजमा आणि चीज, असं आपल्या सगळ्या उपनगरांनी बैठक घेऊन ठरवलेलं दिसतं.

बोरिवलीला तर कहर. जेवण येण्याआधी चार वेटर आले, रश्मीच्या डोक्यावर ताटाएवढी टोपी ठेवली, घंटा वाजवली आणि वाढदिवसाचं गाणं म्हटलं. वाढदिवस कुणाचाच नव्हता. मी सांगायला गेले तर म्हणाले की मॅडम, हे सगळ्यांसाठी असतं. सॉस इतका गोड होता की जिलबी बुडवून खावी. तुझ्या सासऱ्याच्या डोक्यावर ती टोपी ठेवली असती तर लग्न तिथेच मोडलं असतं. अंधेरी पश्चिमेला एक झकपक ठिकाण आहे, मंद दिवे, मोठमोठी मेन्यूकार्डं. तिथले चिप्स पाकिटातले होते. मी वेटरला विचारलं, तो लाजला आणि हो म्हणाला. त्या प्रामाणिकपणासाठी मी टीप ठेवली.

आता ऐक. साकीनाक्याला, बाबा लेथवर काम करायचे त्याच्या पलीकडच्या गल्लीत, वर्कशॉपच्या जागी एक छोटं हॉटेल निघालंय. आठ टेबलं. चंद्रप्रकाश म्हणून एक माणूस चालवतो, जहाजावर आचारी होता, तिकडच्या बंदरांवर उतरून शिकलाय. तो मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतो, आपल्या पानाच्या चुन्यात, मग वाटतो आणि समोर रोट्या भाजतो. मिरची भाजून वाटलेली, तिखट वेगळ्या वाटीत, ज्याला हवं त्याने घ्यावं. रश्मीने पहिला घास घेतला आणि पहिल्यांदाच गप्प बसली. मला गावाकडच्या आजीची मक्याची भाकरी आठवली, पण ते जाऊ दे. सांगायचं ते हे, की वसईपासून ठाण्यापर्यंत हे एकच ठिकाण आहे.

आणि आईला मी सांगितलंय. बोलू नकोस म्हणालास, पण लग्नाची मागणी घालायची तर ती घालणार कोण? तिला तयारीला वेळ नको का? ती इतकी खूश झालीय की मला दोन दिवस टोमणा मारलेला नाही.

असाच मोठ्या मनाने राहा आणि बहिणीसाठी पोटाच्या गोळ्या पाठव.

तुझी
ताई


बेंगळुरू
२५ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

साकीनाका पक्कं. शनिवार, २१ डिसेंबर, दुपारी एक वाजता, तुझ्या नावाने टेबल सांगून ठेव. सात जणांचं. मी, हिमेना, तिचे आईबाबा, तू, आणि विद्याधर सर व शर्मिष्ठा मॅडम. सर त्यांच्या कामासाठी मुंबईत असणार आहेत. गेली सहा वर्षं ऑफिसात त्यांनीच मला वर आणलंय, हिमेनाची माझी ओळखही त्यांच्या घरी झाली. तिचे बाबा त्यांना नावाने ओळखतात.

आईला सांगायला नको होतंस. आता नीट वाच आणि लगेच भडकू नकोस. आईला तिथे अवघडल्यासारखं होईल. सगळे इंग्रजीत बोलणार, ती मुकाट बसून राहणार. आणि घरी न्यायचं तर मला सांग कसं नेऊ? संडास गल्लीच्या तोंडाशी. ज्याच्या पोटाचं ऑपरेशन झालंय त्या माणसाला बादली हातात देऊन रांगेत उभा करू? तू रोज तिथे राहतेस म्हणून तुला ते दिसत नाही.

दुसरी गोष्ट तुला सांगितली नाही तर तू ती स्वतःच बोलून दाखवशील, म्हणून लिहितो. सर आणि मॅडम बरोबर असणार. आपली भिंत ते बघणार. बुद्ध, बाबासाहेब, शेजारी बाबांचा फोटो. ऑफिसात कुणी मला कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. ते दोघं चांगले आहेत, भिंत बघून एक शब्द बोलणार नाहीत. आणि नंतर सगळं ऑफिस तसंच, एक शब्द न बोलता, वागायला लागेल. तू त्या खुर्चीत बसलेली नाहीस, ताई.

राग आला तरी उत्तर दे.

सम्यक


वाकोला
२ डिसेंबर २०२४

चि. सम्यकला जयभीम,

आशीर्वाद या खेपेला राखून ठेवलेत.

तू लिहिलंस की संडास मला दिसत नाही. मला दिसतो, वासही येतो. पावसाळ्यात त्या रांगेत आईच्या डोक्यावर छत्री धरून मी उभी असते. लाज मलाही वाटते, पण ती मुनसिपाल्टीची वाटते, आईची नाही. अवघडल्यासारखं आईला होणार नाही, तुला होणार आहे. तेवढं तरी सरळ लिही.

इथे काय चाललंय ते तुला कळू दे. आईने भिंतींना पोपटी रंग लावून घेतला. पाण्याचं पिंप काकूंकडे हलवलं. खुर्च्या चार घरांतून गोळा होणार आहेत, कुणाच्या कोणत्या ते ठरलंय. पलीकडच्या गल्लीतल्या कुंडलिककाकांनी नवा बांधलेला संडास पाहुण्यांसाठी मोकळा ठेवतो म्हणून स्वतः येऊन सांगितलं, कारण आईने आधीच जाऊन विचारलं होतं. तुझ्या मनात जे आलं ते तिच्या मनात तुझ्याआधी आलं, रे. फरक एवढाच की तिने त्यावर उपाय शोधला.

आणि रोज संध्याकाळी ती माझ्या मोबाइलवर स्पॅनिश लावून बसते. तुमची मुलगी आमच्या घरी द्याल का, एवढं एकच वाक्य. पुन्हा पुन्हा म्हणते. काल भाकऱ्या थापता थापता म्हणत होती. मी हसले तर म्हणाली की मागायचं ते समोरच्याला कळेल असं मागावं, दुभाष्याच्या तोंडून मुलगी मागायची नसते.

काल रात्री फोनवर आपलं ठरलं तेच इथे लिहून टाकते. जेवण साकीनाक्याला करा, तुझे सर असू देत, मॅडम असू देत. त्यानंतर चार वाजता सगळ्यांना घेऊन घरी यायचं. चहा इथे, मागणी इथे, आई घालणार. तू हो म्हणालास. हे झालं नाही तर तुझी दोन्ही पत्रं मी आईला वाचून दाखवीन.

जीव लावते म्हणून भांडते, हे विसरू नकोस.

ताई


वाकोला
२३ डिसेंबर २०२४

सम्यक,

तू तिथे होतास, तरी लिहिते. तुझी पाठ बऱ्याच गोष्टींकडे होती.

शनिवारी सकाळी तू फोन केलास, की हिमेनाच्या आईचं पोट बिघडलंय, संध्याकाळचं येणं रद्द झालं असं तू आईला कळवलंयस, आणि मी मात्र एक वाजता साकीनाक्याला पोचावं. तेव्हाच मी तुझा कान धरायला हवा होता. मी काय केलं? आईला ऑफिसात जास्तीचं काम आहे म्हणून सांगितलं, साडी पिशवीत घातली, ऑफिसच्या बाथरूममध्ये नेसले आणि आले. मला वाटलं तिथून तुम्हाला ओढून घरी आणीन. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला त्या टेबलावर बसायचंही होतं.

बसल्यावर मला कळलं की तू त्यांना आई गावी आजारी आहे असं सांगितलंयस. हिमेनाच्या आईने माझा हात हातात घेऊन आईच्या तब्येतीची चौकशी केली. आई बरी आहे, असं मी म्हणाले. म्हणजे घरी येणं रद्द झालंच नव्हतं, ते कधी ठरलंच नव्हतं.

कुणाचं तरी पोट बिघडलंय हे कळल्यावर आई हात बांधून बसणार नाही, हे पोटच्या पोरांना कळायला हवं होतं. तिने मूगडाळीची मऊ खिचडी केली, तिखटाचा कण नाही. डबा फडक्यात बांधला, रिक्षा केली आणि त्यांच्या अंधेरीच्या हॉटेलवर गेली. काउंटरवरच्या मुलीने भलेपणाने सांगितलं की पाहुणे ठणठणीत आहेत, जवळच्या मेक्सिकन हॉटेलात जेवायला गेलेत. मी शोधलेल्या.

ती तशीच साकीनाक्याला आली, तर दारावरच्या माणसाने हातात डबा बघून तिला बाजूच्या काचेच्या दाराशी उभं केलं, जिथे पार्सलवाले थांबतात. आत त्याच वेळी सर उभे राहिले होते आणि हिमेनाच्या बाबांना सांगत होते की आमच्या सम्यकसाठी आम्ही तुमची मुलगी मागतो. मॅडमनी नारळ पुढे केला. आपल्या घरात कुणी नारळ देत घेत नाही, सम्यक. तू तो घेताना मान वाकवलीस. आईने काचेतून सगळं बघितलं. बोललेलं ऐकू आलं नसेल, पण नारळ कशाचा असतो ते तिला कळतं.

मग तू उठलास. हिमेनाची दाराकडे पाठ होती, तिला काही दिसलं नाही. मला वाटलं, आता हा आईचा हात धरून तिला आत आणेल. तू दार उघडलंस, डबा घेतलास आणि आत आलास. टेबलावर विचारलं तेव्हा म्हणालास की डबा आलाय, बाबांसाठी हलकं जेवण मागवलं होतं. मी तोंड उघडलं नाही. माझ्या ताटातल्या टाकोकडे बघत बसले आणि तो संपवला.

घरी आले तर आई शेजाऱ्यांच्या खुर्च्या एकेक करून परत देत होती. मी पाय धरायला गेले तर म्हणाली, आधी हातपाय धुऊन ये. रात्री एवढंच विचारलं की तिथलं जेवण चांगलं होतं का. मी हो म्हणाले, कारण होतं.

तुला माझा लोभ हवा असेल तर आधी आईसमोर येऊन उभा राहा.

संघमित्रा


बेंगळुरू
३० डिसेंबर २०२४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

जे लिहिलंस ते सगळं मान्य. तिथे दारात आई दिसली तेव्हा सर अजून उभेच होते. एक मिनिट मिळालं असतं तर मी वेगळं वागलो असतो, असं मला वाटतं. तुला वाटणार नाही, माहीत आहे.

आईला दोनदा फोन केला. ती उचलते, तब्येतीला जप म्हणते आणि ठेवते. तिच्याशी तू बोल.

तिला सांग की हिमेनाच्या बाबांनी अंधेरीच्या हॉटेलवर परत गेल्यावर ती सगळी खिचडी खाल्ली. मुंबईत त्यांना पोटभर लागलेलं तेवढं एकच जेवण. इथे आल्यावरही रोज विचारतात की ते कुठल्या हॉटेलचं होतं. हिमेनाच्या आईने मुंबईहून निघताना माझ्याकडे एक रुमाल दिला, त्यांच्या गावच्या भरतकामाचा. गरम रोट्या त्यात गुंडाळून ठेवतात. डबा घेऊन आलेल्या त्या बाईंना दे म्हणाल्या, उन्हात उभ्या होत्या. तो सोबत पाठवतोय. आईला सांग की विहिणीने विहिणीला पाठवलाय. त्यात खोटं असं काही नाही.

हिमेनाला सगळं लग्नानंतर सांगणार आहे. आता सांगितलं तर तिच्या बाबांपुढे मी खोटा ठरेन. लग्न १५ फेब्रुवारीला आहे. तू आईला घेऊन ये. तोपर्यंत तिला बरं वाटायला लागलंय असं मी इथे सांगून ठेवतो. तिकिटं मी काढतो. सर आणि मॅडम असतीलच, तेव्हा गावाचा विषय निघाला तर आईने फार बोलू नये, एवढं तिला समजावून ठेव.

मला टाकू नकोस, एवढीच मागणी.

सम्यक


वाकोला
१२ जानेवारी २०२५

चि. सम्यक यास,

जयभीम. मी खुशाल आहे. मुद्दाम लिहिते, कारण तुझ्याकडे मी आजारी आहे.

ताईने तुझं पत्र वाचून दाखवलं. विहिणीने पाठवलाय असं सांगून नुसता रुमाल माझ्या हातात द्यायचा, असं तू तिला लिहिलं होतंस. तिने तसं केलं नाही. तिने साकीनाक्याला तोंड उघडलं नाही त्याचं मी तिला पुष्कळ बोलले आहे, तू त्यात पडू नकोस. शेवटी फार बोलू नये असं आलं तिथे मी तिला बस म्हटलं. पुढचं एक वाक्य राहिलं आहे म्हणाली, ते तिने वाचलं नाही.

तुझ्या घराची लाज तुला वाटली, त्याचं मला नवल नाही. मलाही वाटायची. नवरा लेथवर, मी बल्ब खोक्यात भरायला, आणि तुझ्या शाळेत आईबापांना बोलवायचे तेव्हा मी साडी शेजारणीची नेसून यायची. पण तुझा हात धरून यायची. तू माझी ओळख बाईंना करून द्यायचास, मोठ्याने. तो मुलगा कुठे गेला ते मला कळत नाही.

त्या दिवशी तू दार उघडलंस. मला वाटलं तू रागावशील, कशाला आलीस म्हणशील. तसं म्हणाला असतास तरी चाललं असतं, आईवर माणूस रागावतो. तू डबा घेतलास आणि मला थँक यू म्हणालास. हे मी ताईलाही सांगितलेलं नाही. तुला दूध पाजलं, परीक्षेच्या वेळी रात्र रात्र चहा करून दिला, तेव्हा कधी म्हणाला नाहीस, आणि म्हणायचं नसतंच. परक्याला म्हणतात ते. मी रिक्षात बसेपर्यंत तेच ऐकत होते.

खिचडी त्यांनी खाल्ली हे ऐकून बरं वाटलं. कुठल्या हॉटेलची होती ते त्यांना काय सांगायचं ते तू बघ.

लग्नाला मी येणार नाही. मला काही झालेलं नाही, तेव्हा बरं होऊन यायचा प्रश्न नाही. हिमेनाला इथे यावंसं वाटलं तर तिने यावं, तिला कधीही दार उघडं आहे. तुझ्यासाठीही कडी लावणार नाही, पण येशील तेव्हा तिला खरं सांगून ये.

आता रुमालाचं. फार सुंदर भरलाय, निळी फुलं आहेत. त्या बाईने काचेतून माझ्याकडे बघितलं होतं. तुम्ही सगळे नारळाकडे बघत होतात, तिने मान वळवून मला बघितलं आणि थोडी हसली. मी डबा फडक्यात बांधला होता, तेही तिने बघितलं असणार, नाहीतर इतकं नेमकं रोट्या गुंडाळायचं कापड कोण देतं. हा रुमाल तिने विहिणीला दिलेला नाही. उन्हात डबा घेऊन आलेल्या बाईला दिलाय. ती बाई मीच होते, म्हणून मी तो ठेवून घेतला.

विहिणीसाठी म्हणून काही आलं, तर ते शर्मिष्ठाबाईंना दे. मागणी त्यांनी घातली आहे.

हिमेनाला माझे आशीर्वाद.

मीरा राजाराम तायडे